वन्सं, पाला अजून उकळतोय

वन्सं,

आज सकाळीही तुमच्या भावानं पाला उकळत ठेवला. मी पाठमोरी बसून भाजी निवडत होते, तरी कळलं. तो वास घरात पसरला की वळून बघावं लागत नाही. ओलं गोणपाट आणि कापूर एकत्र कोंडून ठेवावं तसा वास. पूर्वी मी कामावरून तुमच्या आधी घरी आले असले, की तो तुमच्या कपड्यांबरोबर यायचा आणि वाटायचं, वन्सं आल्या, आता चपला दारातच भिरकावतील आणि "काय गो इंदू, काय रांधलंस?" म्हणून थेट स्वयंपाकघरात येतील. आता तोच वास आला की मी पेल्याच्या आवाजाकडे कान लावून बसते.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नाही. माणसं येतात, व्हरांड्यात बसतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. आपल्या मराठी लोकांतली एवढी शिकलेली बाई, सरकारी लॅबोरेटरी, देवळातले मराठीचे वर्ग, सगळं सांगून होतं. मी चहा देते आणि आत येते. ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी इथे परत लिहीत नाही. मला बोलायचं आहे ते त्या पाल्याबद्दल. आपलं ते बोलणं अर्ध्यावर तुटलं, आणि तुटलेल्या टोकाला तुमचा भाऊ लोंबकळतो आहे. रोज सकाळी एक पेला. मी भित्री आहे हे तुम्हाला माहीतच आहे. वारा जरा सुटला तरी मला सिक्लोन, चक्रीवादळ येणार असं वाटतं, आणि तुम्ही हसायचात. या वेळी हसायला तुम्ही नाही, म्हणून भीती तशीच अंगावर राहिली आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते आमच्या अंगणात. मजुरीला या बेटावर आलेल्या तुमच्या खापरपणजोबांचं गाव शोधत रत्नागिरीकडे आला होतात. अंगावर स्कर्ट, हातात कॅमेरा, आणि तोंडात माझ्या पणजीची भाषा. असे शब्द आमच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा विसरली होती. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. तुम्हालाही हसू आलं, पण मग तुम्ही मला विचारलंत, "शाळा कुठवर झाली?" मी मान खाली घालून सहावी म्हटलं. आई अंथरुणाला खिळली होती आणि धाकट्यांना बघायला कुणी नव्हतं, हे मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाही. नुसतं म्हणालात, "सहावीत सुटलेली पोर पुढं काय शिकली, ते मला बघायचं हाय." कुणी माझ्याबद्दल असं बोललं नव्हतं. पुढच्या वर्षी तुमच्या भावाची बायको होऊन मी या बेटावर आले.

इथला, आपल्या फिनिक्स गावातला, तो पहिला हिवाळा आठवतो. जून-जुलैत थंडी पडते यावरच माझा विश्वास बसत नव्हता. बारीक पाऊस, भिंतींना ओल, बाजारात सगळे क्रियोल बोलणारे, आणि मी दुकानात बोटानं वस्तू दाखवून परत येणारी. हे पोस्टात कामाला जायचे आणि मी खिडकीत बसून रडायचे. एक दिवस तुम्ही माझी शाल माझ्या अंगावर टाकलीत आणि म्हणालात, "घरात बसून रडतेस ते माझ्या उंदरांजवळ येऊन रड. त्यांना काय फरक पडत नाय, आणि त्यांना खायला घालणारं माणूस मला पायजे." मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. खरंच लॅबोरेटरीत घेऊन गेलात. साहेबांना सांगितलंत, "ही माझी भावजय. हिचा हात हलका हाय."

पांढऱ्या उंदरांची मला किळस आली होती, ती आठवड्यात गेली. त्यांचे पिंजरे धुणं, लाकडाचा भुसा बदलणं, पाणी भरणं, वजन करताना तुम्हाला धरून देणं. तुम्ही मला नुसतं काम देऊन सोडलं नाहीत. काट्यावरचे आकडे वाचायला लावलेत, अर्क म्हणजे काय ते शिकवलंत, आणि चुकले तर साहेबांसमोर नाही, येता-जाता बसमध्ये शेजारी बसून सांगितलंत. आजही मी कशाला चांगलं म्हणते तर त्या बसमधल्या तुमच्या हळू आवाजाला.

पाला आला तो लक्ष्मीकाकीकडून. तुम्हाला ती माहीतच आहे, तरी लिहिते. प्लेन दे पपायला उसाच्या मळ्यांच्या कडेला राहणारी, तुमच्या आईच्या नात्यातली, सुजेवर औषध देणारी बाई. तिच्या न्हाणीमागे ते झुडूप होतं. ती त्याला सुजेचा पाला म्हणायची, शेजारपाजारचे क्रियोलमध्ये फेय आंफ्ले म्हणायचे, अर्थ तोच. तुम्ही त्याचं लॅटिन नाव सांगितलं होतं, ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. तुमच्या बोटांचे सांधे तेव्हा सकाळी सुजायचे. बरणीचं झाकण तुम्हाला उघडत नव्हतं. काकीनं पाला वाटून बोटांवर लेप घातला, मूठभर पाला उकळून प्यायला दिला, आणि मग पथ्य सांगितलं.

"मीठ नाय. तेल नाय. आंबट नाय. रॉमची दारू तर दारातसुद्धा नाय आणायची. तांदळाची पेज, अळणी. सूज उतरली की पाला बंद, पथ्य बंद."

"काकी, मीठ खाल्लं तर काय होतं?"

"काय होतं ते बघायला माझ्याकडं कोण थांबलंय? माझ्या आयेनं सांगितलं, तिला तिच्या आयेनं."

"म्हणजे कुणालाच ठाऊक नाय."

काकी चिडली. "तू लॅबोरेटरीवाली ना? मग पाल्यालाच विचार की जाऊन."

तुम्ही खरंच विचारलंत.

ते दिवस आपले सगळ्यात चांगले होते, वन्सं. पाला मी घरी सावलीत वाळवायचे, कुटायचे, आणि तुम्ही लॅबमध्ये त्याचा अर्क काढायचात. समुद्रातल्या शेवाळाची पूड पाण्यात कालवून उंदराच्या मागच्या पंजात टोचायची. थोड्या वेळात पंजा फुगून चिंचोक्यासारखा टणक व्हायचा. मग तो पंजा घोट्यावरच्या खुणेपर्यंत पाऱ्यात बुडवायचा आणि नळीत पारा किती चढला ते वाचायचं. काही उंदरांना आधी नुसतं पाणी पाजलेलं, काहींना बाजारातली सुजेची गोळी, काहींना पाला. पाणीवाल्यांचे पंजे फुगतच गेले. पालावाल्यांचे गोळीवाल्यांच्या मागोमाग उतरायला लागले. तुम्ही नळीला डोळा लावून "गेत सा, इंदू, गेत सा!" म्हणून ओरडलात. बघ, बघ. मी बघितलं. त्या दिवशी मला वाटलं, काकीच्या आयेच्या आयेनं केलेलं काहीतरी आज पाऱ्यात दिसलं.

दुसरा तपास तेलाचा होता. दोन बाटल्यांत तेच तेल, एकीत पाल्याचा अर्क, आणि दोन्ही उबेच्या कपाटात. नुसत्या तेलाला वास यायला लागला, आपल्याकडे जुन्या शेंगदाण्याला येतो तसा. अर्काची बाटली टिकली. मग तुम्ही तेलात औषधं घालून ते गडद निळं करायचात आणि वरून थेंबथेंब दुसरं औषध सोडायचात. एका थेंबाला सगळा निळा रंग एकदम पुसला जायचा. जितके थेंब जास्त, तितकं तेल बिघडलेलं. बसमध्ये तुम्ही समजावलंत, "लोखंडाला गंज, तेलाला खवटपणा, माणसाला म्हातारपण. तिघांत हवाच आग लावते, बिनधुराची. हा पाला त्या आगीवर पाणी टाकतो." मी विचारलं, "आणि पाणी जास्त झालं तर?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. "तुला भ्यायला काय पण पुरतं गो."

मला तेव्हा काही कळत होतं म्हणून मी विचारलं नव्हतं. मी भित्री म्हणून विचारलं होतं.

आपला पहिला वाद पथ्यावरून झाला. मी एकदा पिंजरे धुताना म्हटलं, "वन्सं, तुमचे उंदीर तर पथ्यावरच आहेत. ते कुठं तळलेलं खातात?" मला वाटलं मी मोठं काही बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "उंदरांच्या खाण्यात मीठ असतं. मीच मिसळते. तेलपण असतं." माझे कान लाल झाले. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "पण प्रश्न चांगला हाय. पथ्याचा तपास करायला पायजे." करायला पाहिजे, असं आपण दोघी म्हणत राहिलो. त्याला उंदीर हवे होते, वेळ हवा होता, आणि साहेबांना त्यात रस नव्हता.

मग गणपती आले. आरती झाल्यावर देवळाच्या ओसरीवर बायकांनी तुम्हाला घेरलं. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. "खरं काय ते सांगा, पाला लागू पडतो की नाय?"

"सूज उतरते. एवढं आम्ही बघितलंय."

"आणि पथ्य?"

"पथ्याचं आम्ही काय तपासलेलं नाय."

तुम्ही खोटं बोलला नाहीत. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पण मी त्या बायकांची तोंडं बघत होते. त्यांची पोरं शहरात कामाला, घरात ब्रेड आणि लोणी, रविवारी मटण. अळणी पेज गिळायला कुणाला हवी होती? "तपासलेलं नाय" याचा अर्थ त्यांनी ओसरीवरून उतरायच्या आत लावला: लॅबोरेटरीनं पाला पास केला, पथ्य राहिलं मागं. आजवर पाला घेणारा माणूस आजारी असायचा. आता तो पाला चहासारखा सुरू झाला. ब्रीझे वेर्दिएर गावाहून कुणीतरी पिशवी भरून रोपं नेली. लोक रस्त्यात थांबवून तुम्हाला धन्यवाद द्यायला लागले. आपल्या घरातही तेच. तुमच्या भावाचे गुडघे पोस्टाच्या काउंटरमागे उभं राहून राहून सुजायचे, ते पेला घ्यायला लागले, आणि खरंच जिने भराभर चढायला लागले. मी तुमच्यापुढे हात जोडले होते, आठवतं? नवऱ्याचे गुडघे बरे केलेत म्हणून. आणि तुम्ही स्वतः तर काकीकडून आल्यापासून सोडलाच नव्हता.

काकी मात्र फुलली नाही. ती देवळात भेटली तेव्हा म्हणाली, "तुमच्या उंदरांनी माझा पाला बिघडवला."

"काकी, पाला तोच हाय."

"पाला तोच. पिणारी माणसं ती नाय."

 त्यानंतरच तुम्ही लांब मुदतीचा तपास सुरू केलात. उंदरांना रोज पाला, महिनोन्महिने. पंजात काही टोचायचं नाही, फक्त पाजत राहायचं आणि बघायचं.

मी पिंजरे धुणारी. मला आकडे नंतर कळायचे, पण आधी कळायचं ते अंगाला. पालावाले उंदीर पिंजऱ्याच्या दारात माझा हात आला की पूर्वीसारखे धावत येईनासे झाले. काहींच्या पाठीचे केस उभे राहिले, ओले झाल्यासारखे. खाणं भुशात तसंच पडलेलं सापडायला लागलं. सगळ्यांचं नाही. शेजारच्या पिंजऱ्यात तोच पाला पिणारा उंदीर गुबगुबीत, मिशा हलवणारा. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "थांब." काही उंदीर मारून तुम्ही त्यांची लिव्हर बघितलीत. मी दारात उभी होते. तुम्ही बराच वेळ वाकून राहिलात.

"काय आहे?"

"काहींत बिघाड हाय. काहींत नाय."

"मग लोकांना सांगा ना."

"काय सांगू? काहींत हाय, काहींत नाय?"

"थांबा म्हणून सांगा."

तुम्ही हातमोजे काढलेत. "इंदू, एकदा मी ओसरीवर अर्धं बोलले, त्याचं काय झालं बघितलंस. आता परत अर्धं बोलू? उंदरांचा शेवटचा लॉट बघून होऊ दे. मग मी उभी राहून बोलेन, सगळ्यांसमोर."

"मनाला काय वाटतं तुमच्या?"

"मनाला वाटतं तो तपास नसतो."

मी रागावले. त्या आठवड्यात मी बसमध्ये तुमच्या शेजारी बसले नाही, मागे बसले. तुम्ही वळून बघत होतात आणि मी खिडकीबाहेर. एवढ्याशा बेटावर ऊस सोडून बघायला दुसरं काय असतं, पण मी बघत राहिले.

नंतर एका सकाळी तुम्हीच येऊन माझ्याजवळ बसलात आणि म्हणालात, "पथ्याचं मला कळलं." मी म्हटलं, "काय कळलं?" तुम्ही म्हणालात, "मिठाचा पाल्याशी काय संबंध नसेल. तेलाचापण नसेल. पण अळणी पेज माणूस किती दिवस खाईल? आठवडाभर. त्यापलीकडं कुणाला खाववत नाय. म्हणजे पालासुद्धा त्यापलीकडं कुणी घेत नव्हतं. पथ्य म्हणजे औषधाला घातलेलं कुंपण, गो. म्हातारीनं कुंपण घातलं, का घातलं ते ती विसरली. आणि मी ते काढलं." मग थोड्या वेळानं, "असं मला वाटतं. तपासलेलं नाय." बस थांबली तेव्हा तुम्ही दांडी धरून उठलात, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की तुम्हाला उठायला कष्ट पडताहेत.

तुमच्या डोळ्यांतला रंग मी पाहिला तो व्हरांड्यात, उन्हात. ऊसतोडीचा हंगाम होता, हवेत जळक्या पाचटाची राख होती. मी आधी समजले, राखेनं डोळे आले असतील. जवळ आले. पांढऱ्यात पिवळं. मी आतून आरसा आणून दिला. तुम्ही खालची पापणी बोटानं ओढून बघितलंत, आरसा पालथा ठेवलात, आणि म्हणालात, "रेस त्रांकिल." शांत राहा. मला म्हणालात की स्वतःला, ते मला अजून कळलं नाही.

त्यानंतर तुमचा पेला तुम्ही प्यायला नाहीत. ही गोष्ट फक्त मला माहीत आहे. हे टेबलाशी तुमच्यासमोर बसून स्वतःचा पेला संपवायचे आणि तुम्ही तुमचा हातात घेऊन व्हरांड्यात जायचात, क्रोटनच्या कुंडीत ओतायचात. मी आतून बघत होते. तुम्हालाही माहीत होतं की मी बघते आहे.

"त्यांना का नाही सांगत?" मी विचारलं.

"सांगेन."

"कधी?"

"शेवटचा लॉट बघितला की. इंदू, तो माझं ऐकून पितो. माझं ऐकून सोडायला मला त्याला खरं काहीतरी द्यायला पायजे."

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले लिव्हर. डॉक्टर म्हणाले की कशानंही होऊ शकतं. लहानपणी कावीळ झाली होती का, असं विचारलं. तुम्ही त्यांना पाल्याबद्दल सगळं सांगितलंत, किती घेतला, कधीपासून, आणि वर म्हणालात, "पण हे कारण हाय असं लिहू नका. सिद्ध झालेलं नाय." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला तुमचा इतका राग आला, वन्सं, आणि मी तुमच्या पायावरची चादर सरळ करत राहिले. सिद्ध! तुमची नखं पिवळी झाली होती. हे तेव्हा डबा आणायला घरी गेले होते. ते हजर असते तर आज मला हे लिहावंच लागलं नसतं.

शेवटच्या दिवसांत तुम्ही मला उंदरांबद्दल विचारायचात. कोण खातंय, कोण नाय. मी सांगायचे. एकदा म्हणालात, "तो टोकाच्या पिंजऱ्यातला अजून धावत येतो?" मी म्हटलं, येतो. तुम्ही डोळे मिटलेत. "बघ. म्हणूनच नक्की म्हणता येत नाय." त्या उंदरावर मी जीव लावावा की त्याला शिव्या द्याव्यात, मला समजेना. शेवटचा लॉट बघायच्या आत तुम्ही गेलात. साहेबांनी तो तपास थांबवला आहे. त्यांच्याकडे दुसरं माणूस नाही, असं म्हणतात.

मी यांना सांगितलं. तुम्हाला वाटेल सांगितलंच नाही. दहन होऊन आलो, त्यानंतर थोड्याच दिवसांनी सांगितलं, की वन्संनी स्वतः पाला सोडला होता, कुंडीत ओतत होत्या. हे माझ्याकडे बघत राहिले.

"ताईनं सोडला असता तर मला सांगितलं असतं."

"सांगणार होत्या."

"माझी ताई मला मरू देईल? तिला शंका असती तर माझ्या हातातून पेला हिसकावला असता तिनं. तू नको ते डोक्यात घेतेस. तुला सगळ्याचीच भीती वाटते."

 खरंच मला सगळ्याची भीती वाटते. आणि तुम्ही खरंच हिसकावला नव्हतात.

लक्ष्मीकाकी भेटायला आली. वयानं वाकली आहे, दोन बस बदलून आली. तुमच्या फोटोसमोर बसून बराच वेळ रडली. मग आत येऊन तिनं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"कोण पितो?"

"हे."

"पथ्य?"

मी नाही म्हणून मान हलवली. काकी म्हणाली, "मग आज घाल. मीठ काढ घरातलं. जीभ म्हणजे माणसाची सासू. ती बरोबर थांबवते." जाताना तिनं सांगितलं, तिनं तिच्याकडचं झुडूप तोडलेलं नाही. "पाल्यानं काय केलंय? त्याला माणसं चिकटली, तो काय करील."

मला तुमचं बोलणं आठवलं. कुंपण. आठवडाभर. त्यापलीकडं खाववत नाय. मी त्या दिवसापासून पेज केली, अळणी. यांना म्हटलं, पाला घ्यायचा तर काकीच्या पथ्यावर. मला वाटलं पहिल्याच दिवशी ताट सरकवतील. ज्या माणसाला डाळीत मीठ जरा कमी पडलं तर भुवया चढतात, तो माणूस. यांनी पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी खाल्ली. आठवडा उलटला, खाताहेत. एकदा तर आणखी वाढ म्हणाले. मी डाव हातात धरून ताटाकडे बघत उभी राहिले.

वन्सं, तुमचं गणित सुजलेल्या माणसाचं होतं. बहीण गेलेल्या माणसाचं नव्हतं. त्याला मिठाची आठवणच होत नाही. त्याला वाटतं, ताईसाठी एवढं करतो आहे. तुम्ही कुठलंही कुंपण घाला, तो ते व्रत समजून पार करून जाईल. परवा मी त्यांच्या डोळ्यांत बघायला लागले, उन्हात उभं करून, तर चिडले. "काय बघतेस?" मी म्हटलं, कचरा गेलाय. मला काही दिसलं नाही. दिसलं असं एकदा वाटलं, मग वाटलं की सकाळचं ऊन आहे. मी रोज बघते. माझ्याकडे तपासायला दुसरं काय आहे?

तुमच्यावरचा राग अजून गेला नाही. तो लिहायलाच हवा, नाहीतर हा कागद खोटा होईल. तुम्ही मला अंगणातून उचलून आणलंत, माझ्या अडाणी बोलण्याला प्रश्न म्हणालात, परक्या मुलखात मला उभं केलंत. तुमच्यासारखं माणूस मला आता मिळणार नाही. आणि तरी एक वाक्य, फक्त एक, तुम्ही सिद्ध नसताना बोलायला हवं होतं. "मला भीती वाटते, पिऊ नको." तुमच्या तोंडून ते कधी आलं नाही. भीतीचं खातं तुम्ही सगळं माझ्याकडे दिलंत, आणि माझी भीती घरात कुणी मोजत नाही.

तर आज सकाळी. पाला उकळला, यांनी गाळला, पेला भरला आणि टेबलावर निवायला ठेवला. पेजेचं ताट बाजूला. मी काही ठरवलं नव्हतं, खरं सांगते. मी भाजी बाजूला ठेवली, फळीवरून दुसरा पेला काढला, भांड्यात उरलेलं त्यात ओतलं आणि यांच्यासमोर बसले.

"हे काय?"

"मीपण घेते आजपासून."

"तुला काय झालंय?"

"काही नाही. वन्संचं औषध आहे, चांगलंच असेल. तुम्हाला इतकं मानवलंय."

बाहेर पाववाल्याचा भोंगा वाजला. शेजारच्या घरातलं कुणीतरी त्याला हाक मारत होतं. मी पेला उचलला, ओठापर्यंत नेला. वाफ नाकात गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. मग पेल्यावर यांचा हात आला. तळवा पालथा, झाकणासारखा. पेला खाली टेबलावर टेकला.

"तू नको," हे म्हणाले.

"का?"

यांनी तळवा आणखी घट्ट दाबला.

"का नको? तुमची ताई मला मरू देईल?"

यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण हातही उचलला नाही. खालून वाफ लागत असणार, चटका बसत असणार, तरी हात तसाच. यांचा पेला शेजारी उघडा होता, निवत आलेला. त्यावर कुणाचाच हात नव्हता.

मी त्यावर माझा हात ठेवला.